अक्कलदाढ काढण्याआधी ओपीजी बघायला शिका: दोन दाढा गमावलेल्या ठाणेकराकडून

उजवीकडची खालची अक्कलदाढ काढायला बसलो तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, "सरळ आहे हो, दहा मिनिटांचं काम." सव्वा तास मी त्या खुर्चीत होतो. शेवटी दाढेचा माथा तुटून आला, मुळं आतच राहिली, वर दोन टाके पडले आणि हातात चिठ्ठी मिळाली: ओपीजी काढून ओरल सर्जनना दाखवा. म्हणजे दाढेला हात लावण्याआधी सगळ्या जबड्याचा जो एक्स-रे व्हायला हवा होता, तो मी तोंडात कापूस दाबून, कळव्याहून रिक्षाने ठाण्यात येऊन काढला. वर आणखी गंमत म्हणजे दोन वर्षांपूर्वी दुसऱ्याच दातासाठी काढलेला ओपीजी घरी लाइटबिलांच्या फाइलमध्ये पडून होता. कोणी मागितला नाही, मलाही सुचलं नाही.

चार महिन्यांनी डावीकडची काढली. ती फिल्मवर अशी काही पुढे झोपलेली होती की आई म्हणाली, "ही नको रे काढूस." ती पंचवीस मिनिटांत बाहेर आली आणि मी चालत स्टेशनला गेलो.

सरळ वाटणारी रडवून गेली, आडवी वाटणारी सुखाने निघाली. असं का झालं, ते दोन्ही वेळा फिल्मवर आधीच लिहिलेलं होतं. मी नौपाड्यात एका आर्किटेक्टच्या ऑफिसात ड्राफ्ट्समन आहे, दिवसभर प्लॅन, एलेव्हेशन (इमारत समोरून दिसते तशी), सेक्शन (ती उभी कापली तर आतून दिसेल तशी). दुसऱ्या खेपेच्या सर्जन मॅडमनी फिल्म उजेडावर लावून बोटाने रेघा दाखवल्या, तेव्हा मला ती लगेच ओळखीची वाटली. त्यांच्याकडून जे समजलं ते इथे क्रमाने लिहितो. दाढ काढायची की ठेवायची हे सर्जनच ठरवणार. पण ती किती अवघड आहे याचा अंदाज तुम्हाला असला, तर कोणाकडून काढायची, सुट्टी किती टाकायची आणि काय विचारायचं, हे तुम्ही खुर्चीत बसायच्या आधी ठरवू शकता.

१. आधी तोंड उघडून बघा

अक्कलदाढ अर्धवट वर आली की तिच्यावर हिरडीची एक झडप राहते. त्याखाली अन्न अडकतं, सूज येते, जबडा आखडतो. माझं तोंड त्या आठवड्यात दोन बोटंच उघडत होतं. वडापाव दाबून चपटा केला तरी आत जाईना, शेवटी कुस्करून चमच्याने खाल्ला. आपली तीन बोटं उभी करून पुढच्या दातांमध्ये आरामात जात असतील तर तोंड नीट उघडतंय असं समजा.

सूज असताना सहसा दाढ काढत नाहीत. आधी औषध, मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या, झडपेखालची सफाई. एक्स-रे मात्र या दिवसांतही काढता येतो, कारण ओपीजीसाठी तोंड मोठं उघडावं लागत नाही. मात्र ताप आला, गिळायला त्रास होऊ लागला किंवा सूज गळ्याकडे उतरू लागली, तर हा लेख बाजूला ठेवा आणि थेट हॉस्पिटल गाठा.

२. कोणता एक्स-रे कशासाठी

दवाखान्यात खुर्चीवरच काढतात ती छोटी फिल्म. आजकाल बहुतेक ठिकाणी फिल्मऐवजी सेन्सर असतो आणि चित्र कॉम्प्युटरवर येतं, त्याला आरव्हीजी म्हणतात. एखाद-दोन दात त्यात फार स्पष्ट दिसतात. अडचण अशी की अक्कलदाढ शेवटाला असते, सेन्सर तिथपर्यंत सरकवला की उलटी येते, माणूस तो पुढे ढकलतो, आणि चित्रात नेमकी मुळांची टोकं कापली जातात. माझ्या पहिल्या खेपेला हेच झालं होतं. त्या चित्रात दाढेचा माथा सुंदर दिसत होता. मुळं अर्धीच होती आणि मागचं हाड अजिबात नव्हतं. मुळांची टोकं आणि त्याखालचं थोडं हाड दिसत नसेल, तर त्या चित्रावर दाढ काढायला बसू नका. "डॉक्टर, यात मुळं पूर्ण आलीत का?" एवढा प्रश्न पुरतो.

ओपीजी म्हणजे या कानापासून त्या कानापर्यंतचा सगळा जबडा एका लांब चित्रात. मशीन डोक्याभोवती फिरतं आणि वळलेला जबडा सपाट उलगडून दाखवतं. आमच्या भाषेत सांगायचं तर गोल इमारतीचं एलेव्हेशन कागदावर पसरून काढल्यासारखं. खालच्या अक्कलदाढेसाठी सुरुवात इथूनच होते.

सीबीसीटी हा थ्री-डी स्कॅन. तो सगळ्यांना लागत नाही. कधी लागतो ते आठव्या पायरीत सांगतो.

किरणांची धास्ती असणाऱ्यांसाठी: एका ओपीजीचा डोस साधारण १० ते २५ मायक्रोसिव्हर्ट असतो. माती, हवा, आकाश यांतून जगातल्या सरासरी माणसाला वर्षाला सुमारे २४०० मायक्रोसिव्हर्ट असेच मिळतात. सीबीसीटीचा डोस ओपीजीपेक्षा जास्त, म्हणून तो हौसेने काढायचा नाही. गरोदर असाल किंवा तशी शक्यता असेल, तर कोणत्याही एक्स-रेआधी तसं सांगा.

३. सेंटरवर जाताना

बरोबर घ्यायचं सामान:

- डॉक्टरांची चिठ्ठी, तिच्यावर दाढेचा नंबर लिहिलेला (नंबरांचं पुढे सांगतो)
- दातांचे जुने सगळे एक्स-रे, कितीही जुने असोत
- चालू औषधांची यादी. रक्त पातळ करण्याच्या आणि हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून दिलेल्या गोळ्या आवर्जून लिहा. एक्स-रेला नाही, सर्जनला लागते
- साखरेचा त्रास असेल तर ताजा रिपोर्ट
- पेन ड्राइव्ह, किंवा फाइल मागवायला ईमेल पत्ता

कानातलं, चमकी, साखळी, मंगळसूत्र, चष्मा, केसातल्या पिना, काढता येणारी कवळी: सगळं उतरवा. माझ्या बहिणीने एका कानातली कुडी घट्ट बसली म्हणून तशीच ठेवली. फिल्मवर ती जागेवर तर दिसलीच, शिवाय विरुद्ध बाजूला, थोडी वर, तिची अस्पष्ट मोठी सावलीही उमटली. टेक्निशियनने सांगितलं की याला घोस्ट इमेज म्हणतात. घरी आल्यावर आत्याने ती सावली बघून "गाठ आहे का गं?" म्हणत सगळ्यांचं जेवण बेचव केलं.

मशीनमध्ये हनुवटी टेकवायची, एका छोट्या दांडीच्या खाचेत पुढचे दात धरायचे, ओठ मिटायचे आणि जीभ टाळूला चिकटवायची. हे शेवटचं बरेच जण विसरतात. जीभ खाली राहिली की टाळूखालच्या हवेचा काळा पट्टा वरच्या मुळांवर येतो. मग पंधरा-वीस सेकंद पुतळा. गिळलात किंवा मान हलली तर जबड्याची खालची कड फिल्मवर लाटेसारखी होते. तशी दिसली तर तिथल्या तिथे पुन्हा काढून मागा, घरी गेल्यावर कोणी दाद देत नाही.

व्हॉट्सॲपवरच्या फोटोवर समाधान मानू नका. ट्यूबलाइटसमोर धरलेल्या फिल्मचा फोटो, त्यात मागची खिडकीची जाळी, आणि तो तिघांनी फॉरवर्ड केलेला. त्यात नसेची बारीक रेघ कुठली दिसायला! मूळ फाइल घ्या. फिल्मच असेल तर लॅपटॉपवर कोरं पांढरं पान उघडून त्यावर धरा, छान उजेड मिळतो.

४. डावं-उजवं ठरवल्याशिवाय पुढे जाऊ नका

ओपीजी समोर धरला की माणूस तुमच्याकडे तोंड करून उभा आहे असं समजायचं. त्याचा उजवा जबडा तुमच्या डाव्या हाताला. कोपऱ्यात इंग्रजी आर किंवा एल असतं. ते अक्षर आरशातल्यासारखं उलटं दिसलं तर फिल्म उलटी धरली आहे. पहिल्या रात्री मी ती उलटीच धरली आणि नसलेल्या बाजूची चिंता करत झोपलो.

दातांना नंबर असतात. वरचा उजवा कोपरा १, वरचा डावा २, खालचा डावा ३, खालचा उजवा ४. प्रत्येक कोपऱ्यात मध्यापासून मागे मोजत गेलं की अक्कलदाढ आठवी. म्हणून वरच्या १८ आणि २८, खालच्या ३८ आणि ४८. डॉक्टर हे "अठ्ठेचाळीस" असं म्हणत नाहीत, "चार आठ" म्हणतात. लहानपणी मधली एखादी दाढ काढली असेल तर मागच्या पुढे सरकतात आणि मोजणी चुकते. म्हणून काढलेले दात डॉक्टरांना सांगा, आणि चिठ्ठीवर नंबराबरोबर "उजवी खालची" असं अक्षरातही लिहून घ्या.

५. दाढ कुणीकडे कलली आहे

अमेरिकन दंतवैद्य जॉर्ज विंटर यांनी १९२६ साली अडकलेल्या अक्कलदाढांची जी विभागणी केली, ती आजही वापरात आहे. शेजारच्या सातव्या दाढेचा उभा अक्ष मनात धरा आणि आठवीचा अक्ष त्याच्याशी ताडून बघा.

पुढे, म्हणजे सातवीकडे डोकं टेकून असेल तर मेसिओअँग्युलर. ही सर्वांत जास्त आढळते. पूर्ण आडवी पडली असेल तर हॉरिझाँटल. उभी असेल तर व्हर्टिकल. आणि डोकं मागे, जबड्याच्या उभ्या हाडाकडे झुकलं असेल तर डिस्टोअँग्युलर.

आपल्याला वाटतं, आडवी म्हणजे महाकठीण आणि उभी म्हणजे सोपी. खालच्या जबड्यात मामला वेगळाच असतो. पुढे कललेल्या दाढेला पुढच्या बाजूने हत्यार घालून मागे-वर ढकलता येतं, आणि वर येण्याची तिची वाट मोकळी असते. सातवीखाली डोकं अडकलं असेल तर ड्रिलने दाढेचे तुकडे करून एकेक काढतात. मागे कललेली दाढ ढकलावी तितकी उभ्या हाडात घुसते. तिला बाहेर यायला रस्ताच नाही. मागचं हाड कोरून तो करावा लागतो.

माझी उजवीकडची नेमकी तीच होती. आरशात तिचं फक्त पुढचं टोक दिसायचं, म्हणून सरळ वाटली. जुन्या ओपीजीवर मॅडमनी पेन्सिल धरली आणि ती पेन्सिल मागे झुकली. शाळेच्या व्हॅनमध्ये मागच्या सीटला रेलून झोपलेलं पोर असतं ना, तशी.

वरच्या जबड्यात हिशेब उलटा: तिथे मागे कललेली दाढ सहसा सोपी आणि पुढे कललेली त्रासदायक. वरच्या दाढेसाठी आणखी एक गोष्ट बघतात, गालाच्या हाडातली हवेची पोकळी, म्हणजे सायनस, मुळांच्या किती जवळ आहे.

६. किती खोल, मागे जागा किती, आणि बेरीज

पेल आणि ग्रेगरी या दोघांनी १९३३ साली सांगितलेलं मोजमाप. आधी खोली. आठवीचा माथा सातवीच्या चावण्याच्या पातळीला असेल तर ए. त्याच्या खाली पण सातवीच्या मानेच्या वर असेल तर बी. मानेच्याही खाली गेला असेल तर सी. मान म्हणजे दाताचा माथा संपून मूळ सुरू होतं ती जागा.

मग मागची जागा. सातवीच्या पाठीपासून जबड्याच्या उभ्या हाडाच्या पुढच्या कडेपर्यंतचं अंतर बघा. त्यात आठवीचा माथा पूर्ण मावत असेल तर वर्ग एक. मावत नसेल आणि काही भाग हाडात असेल तर वर्ग दोन. सगळीच हाडात असेल तर वर्ग तीन.

पेडरसन यांनी १९८८ मध्ये या सगळ्याला गुण देऊन एक सोपी बेरीज केली:

- कल: पुढे कललेली १, आडवी २, उभी ३, मागे कललेली ४
- खोली: ए १, बी २, सी ३
- मागची जागा: वर्ग एक १, वर्ग दोन २, वर्ग तीन ३

बेरीज ३-४ आली तर सोपी, ५-६ मध्यम, ७ ते १० अवघड.

आता माझ्या दोघी. उजवी: मागे कललेली ४, खोली बी २, वर्ग दोन २. आठ. डावी, जिला आई घाबरली होती: पुढे कललेली १, खोली ए १, वर्ग दोन २. चार. ही बेरीज मी मॅडमसमोर कागदावर केली आणि दोन मिनिटं काही बोललो नाही. त्या लाइटबिलांच्या फाइलमध्ये दोन वर्षं आठ आकडा पडून होता.

विंटरच्याच तीन रेघाही सांगतात: पांढरी, पिवळसर आणि लाल. दाढांच्या चावण्याच्या पातळीवरून पांढरी, हाडाच्या वरच्या कडेवरून पिवळसर, आणि तिथून खाली हत्यार टेकवायच्या जागेपर्यंत काटकोनात लाल. लाल रेघ ५ मिलिमीटरपेक्षा लांब असेल तर काम अवघड समजायचं. मी उत्साहात ओपीजीवर ट्रेसिंग पेपर टाकून, तीन रंगांच्या पेनांनी ऑफिसच्या स्केलने मोजायला बसलो. मॅडम हसल्या. त्या रेघा छोट्या फिल्मसाठी आहेत. ओपीजीत सगळं साधारण २० ते ३० टक्के मोठं होऊन येतं, तेही सगळीकडे सारखं नाही. थोडक्यात, स्केल न लिहिलेलं ड्रॉइंग. त्यावरून मिलिमीटर काढायचे नसतात, हे मलाच कळायला हवं होतं! कल आणि पातळी बघा, फूटपट्टी लावू नका.

७. मुळं, वय आणि शेजारीण

वरच्या बेरजेत मुळं येत नाहीत, म्हणून चार गुणांची दाढही कधी कधी घाम काढते. फिल्मवर मुळं एकमेकांना चिकटून गाजरासारखी निमुळती दिसली तर बरं. फाकलेली, टोकाला गळासारखी वळलेली किंवा खाली फुगलेली असतील तर वेळ लागणार. मूळ कुणीकडे वळलंय हेही बघतात. दाढ ज्या वळणाने बाहेर येणार त्याच वळणाने मूळ वाकलेलं असेल तर ते सोबतच येतं, उलटं असेल तर मोडतं.

विशीच्या आतबाहेर मुळं पूर्ण तयार झालेली नसतात. दोन तृतीयांश मूळ बनलं असेल तो काळ काढायला चांगला मानतात. अगदीच नसेल तर दाढ खळीत गोटीसारखी गरगर फिरते आणि पकडीत येत नाही. पुढे वय वाढेल तसं हाड घट्ट होतं. मुळाभोवती बारीक काळी रेघ असते, ती ठळक असेल तर दाढ लवकर सुटते. तिशी ओलांडलेल्यांनी ती रेघ डॉक्टरांना विचारावी. मी तेव्हा एकतीस वर्षांचा होतो.

सातवीची पाठही बघून घ्या. पुढे झोपलेली आठवी तिथे अन्न अडकवते आणि सातवी आतून किडते. ओपीजीत दोन दाढा एकमेकांवर चढून तो भाग दुप्पट पांढरा दिसतो आणि कीड लपते. शंका असेल तर तेवढ्यासाठी छोटी फिल्म काढून घ्या. माझ्या डाव्या सातवीला फिलिंग लागलं. आठवी निघाल्यावर कळलं असतं, तर "तुम्हीच पाडलंत भोक" असं मी मनात म्हटलंच असतं.

८. नसेची वाट

हा भाग सावकाश वाचा. खालच्या जबड्याच्या हाडातून एक नळी जाते. तिच्यात खालच्या दातांना, ओठाला आणि हनुवटीला संवेदना देणारी नस असते. ओपीजीवर ती दोन समांतर पांढऱ्या रेघांसारखी दिसते, मध्ये काळसर पट्टा. उभ्या हाडातून उतरते, दाढांच्या खालून पुढे जाते.

मुळं त्या रेघांच्या वर, अंतर राखून असतील तर निवांत. रेघांवर चढलेली दिसली की प्रश्न उभा राहतो. एलेव्हेशनमध्ये पाण्याचा पाइप कॉलमला ओलांडताना दिसला, तर तो कॉलमच्या पुढून गेलाय, मागून, की आरपार? एलेव्हेशनवरून सांगता येत नाही. सेक्शन लागतं. इथेही तसंच. चित्रात एकावर एक दिसणं म्हणजे प्रत्यक्षात चिकटलेलं असेलच असं नाही.

तरी काही खुणा असतात. रूड आणि शेहाब यांनी १९९० साली अशा सात खुणा तपासल्या आणि त्यांतल्या तीन नसेच्या इजेशी जास्त जोडलेल्या आढळल्या:

- नळी ओलांडते तिथे मूळ अचानक काळं पडलेलं दिसणं
- नळीची पांढरी रेघ मुळापाशी तुटणं
- नळीने मुळापाशी आपली वाट वाकवणं

उरलेल्या चार म्हणजे मूळ बाजूला वळणं, मूळ बारीक होणं, मुळाचं टोक काळं आणि दुभंगलेलं दिसणं, आणि नळी चिंचोळी होणं. यातलं काही दिसलं तर सर्जन सीबीसीटी सांगतील, आणि तेव्हा "खर्च वाढवतायत" असं म्हणून टाळू नका. तो स्कॅनच आमचं सेक्शन. नस मुळाच्या गालाकडे आहे, जिभेकडे आहे, की दोन मुळांच्या मध्ये, हे त्यात कळतं. स्कॅनची सीडी किंवा लिंक मिळते, ती तशीच सर्जनला द्या. छापील पानावर मोजकीच चित्रं असतात.

नस फारच बिलगून असेल तर काही वेळा फक्त माथा कापून मुळं मुद्दाम आत ठेवतात. त्याला कोरोनेक्टॉमी म्हणतात. मुळं राहिली म्हणजे काम फसलं असं प्रत्येक वेळी नसतं. माझ्या वेळी ती ठरवून ठेवलेली नव्हती, मोडली होती.

माझ्या उजवीकडे रेघ तुटलेली होती. मॅडमनी उरलेली मुळं काढण्याआधीच सांगितलं, "ओठ काही आठवडे बधिर राहू शकतो," आणि तसं लिहून सही घेतली. खालचा उजवा ओठ दहा आठवडे माझा नव्हता. चहा पिताना थेंब हनुवटीवर ओघळायचा आणि समोरच्याच्या नजरेवरून मला कळायचं. मग मुंग्या सुरू झाल्या, ते चांगलं लक्षण होतं. हे आधी सांगितलेलं होतं म्हणून मी निभावलं. न सांगता झालं असतं तर डोकं फिरलं असतं.

९. फिल्मवर जे कधीच येत नाही

तोंड किती उघडतं, गाल किती ताणला जातो, जीभ केवढी आहे. गुटखा-सुपारीने गाल आतून ताठ झाला असेल तर चार गुणांची दाढही हाताला लागत नाही. फिल्म त्याबद्दल गप्प असते. दाढ गालाकडे किंवा जिभेकडे कललेली असली तर तेही ओपीजीत नीट कळत नाही. म्हणून नुसता एक्स-रे पाठवून "किती वेळ लागेल, किती होतील" असं फोनवर विचारू नका. विचारलंत तर उत्तर मिळेलही, पण खुर्चीत बसल्यावर बदलेल.

१०. कोणाकडे आणि काय विचारायचं

ठाण्यात राम मारुती रोड, गोखले रोड, पाचपाखाडी, घोडबंदर, कुठेही जा, पावलागणिक दातांचा दवाखाना. बऱ्याच ठिकाणी ओरल सर्जन रोज नसतात, ठरलेल्या वारी येतात. बेरीज चारच्या आसपास असेल, मुळं साधी असतील आणि नस लांब असेल तर नेहमीच्या डॉक्टरांकडून काढायला हरकत नाही. पाचच्या पुढे गेली किंवा नसेची एकही खूण दिसली तर सर्जनचा वार विचारा आणि त्या दिवसाची वेळ घ्या. दुखणं थांबलं असेल तर आठ दिवसांनी काही बिघडत नाही.

खर्च आवाक्याबाहेर वाटत असेल तर डेंटल कॉलेजचा विचार जरूर करा. नेरुळ, खारघर, कामोठ्याला कॉलेजं आहेत, ठाण्याहून ट्रान्स-हार्बरने नेरुळ-खारघर गाठता येतं. मुंबईत सीएसएमटीजवळ सरकारी दंत महाविद्यालय आणि मुंबई सेंट्रलला नायर. तिथे आधी केसपेपर, मग तपासणी, एक्स-रे आणि शेवटी ओरल सर्जरी विभाग, असा फेरा असतो. एका दिवसात सगळं उरकेल ही आशा नको, सकाळी लवकर जा. शिकणारे डॉक्टर वरिष्ठांच्या देखरेखीखाली काम करतात, वेळ जास्त लागतो, पण मोडलं तर पुढचा माणूस त्याच मजल्यावर असतो. माझ्या पहिल्या खेपेला तो नव्हता.

सर्जनसमोर फिल्म उजेडावर असतानाच विचारायचे प्रश्न:

- दाढ कुणीकडे कलली आहे? खोली ए, बी की सी?
- मुळं किती, कशी?
- नसेची रेघ अखंड दिसते का?
- हाड कोरावं लागेल का, दाढेचे तुकडे करावे लागतील का?
- मध्येच मूळ मोडलं तर पुढे कोण काढणार, आणि त्याचे पैसे वेगळे का?
- टाके, सर्जनची व्हिजिट, टाके काढणं हे सगळं सांगितलेल्या रकमेत आहे का?

शेवटचे दोन विचारायला लाज वाटते. मला वाटली होती, आणि एकाच दाढेचे पैसे दोनदा गेले.

सुट्टीचा माझा अनुभव: आठवाल्या दाढेला पाच दिवस गेले, चारवालीला दीड. दोन्ही बाजू एकाच दिवशी काढायचा मोह टाळा, नाहीतर चावायला बाजूच उरत नाही.

११. काढून झाल्यावर

सूचनांचा कागद मिळतोच, तो पाळा. पहिल्या दिवशी बाहेरून बर्फ, थुंकणं नाही, स्ट्रॉ नाही, विडी-सिगारेट-तंबाखू नाही. टाके साधारण आठवड्याने निघतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढलं, कानापर्यंत ठणका गेला आणि तोंडाला वास येऊ लागला, तर ड्राय सॉकेट, म्हणजे खळीतली रक्ताची गुठळी निघून हाड उघडं पडणं, असू शकतं. गोळ्या वाढवत बसू नका, दवाखान्यात जा.

भूल उतरल्यावर ओठ दोन्ही बाजूंनी बोटाने शिवून बघा. दुसऱ्या दिवशी सकाळीही एक बाजू बधिर असेल तर लगेच कळवा. मी पेन्सिलने हनुवटीवर बधिर भागाची कड आखायचो, दर रविवारी, आरशासमोर, आणि फोटो काढून ठेवायचो. मॅडमना ते फोटो उपयोगी पडले. कड आत आत सरकत होती.

आणि ओपीजी टाकू नका. पाकिटावर तारीख आणि कशासाठी काढला ते लिहा, मोबाइलमध्ये मूळ फाइल ठेवा. माझी वरची उजवी अजून आत आहे. तिला सध्या हात लावायचा नाही असं ठरलंय, दीड वर्षाने तुलना करून बघायची. ती फिल्म आता लाइटबिलांच्या फाइलमध्ये नाही. कपाटाच्या दाराला आतून क्लिपने लावली आहे, शर्ट काढताना रोज दिसते.